कंठीरवाची रात्र, दोह्याची संध्याकाळ

२०१३ मध्ये स्थापन झालेला बेंगळुरू एफसी तीनच वर्षांत एएफसी कपच्या अंतिम फेरीत पोहोचला. त्याआधी गोव्याचा डेम्पो (२००८) आणि कोलकात्याचा ईस्ट बंगाल (२०१३) उपांत्य फेरीतच अडकले होते.

स्पर्धेच्या मध्यावर प्रशिक्षक बदलला. ॲशली वेस्टवूड गेले, स्पेनचे अल्बर्ट रोका आले. उपांत्यपूर्व फेरीत सिंगापूरच्या टॅम्पिनिस रोव्हर्सला एकाच गोलाने हरवून संघ पुढे सरकला. खेळ काही डोळे दिपवणारा नव्हता.

खरी मजा १९ ऑक्टोबर २०१६ ला, उपांत्य फेरीच्या दुसऱ्या सामन्यात. समोर गतविजेता, मलेशियाचा जोहोर दारुल ताझिम. तिकडचा पहिला सामना १-१ असा बरोबरीत सुटलेला. कंठीरवा स्टेडियमवर पाहुण्यांनीच आधी गोल केला, आणि मग सुनील छेत्रीने दोन व स्पेनच्या हुआनानने एक असे तीन गोल ठोकले. आशियातल्या कोणत्याही क्लब स्पर्धेची अंतिम फेरी प्रथमच भारतीय क्लबच्या वाट्याला आली, असा गाजावाजा झाला. एएफसी कपपुरता तो निर्विवाद खरा होता.

५ नोव्हेंबरला दोह्यात अंतिम सामन्यात इराकच्या हवाई दलाचा क्लब समोर होता. बेंगळुरूचा गोलरक्षक अमरिंदर सिंग निलंबित, त्याच्या जागी लालथुआम्माविया राल्टे. इराकी क्लबच्या हम्मादी अहमदने ७१ व्या मिनिटाला सामन्यातला एकमेव गोल केला. स्पर्धेतला तो त्याचा सोळावा.