चाकांवरचं घर आणि मागे राहिलेली आजी

इन्स्टाग्रामवर अधूनमधून इंग्लंडमधल्या नॅरोबोटींचे व्हिडिओ दिसतात. जेमतेम सात फूट रुंद, लांबुडकी बोट. आत छोटी शेगडी, खिडकीत कुंडी, टेबलावर लॅपटॉप. कुणी हौसेपोटी, कुणी घरभाडं परवडत नाही म्हणून कालव्यावर राहतं. कॉमेंटमध्ये लोक विचारतात, पाणी कुठून भरता, थंडीत कसं होतं? मला वेगळाच प्रश्न पडतो. गावाकडे आई पडली, आजी आजारी झाली, तर ही माणसं काय करत असतील?

हा प्रश्न मला पडतो, कारण मी धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात वाढलो आणि माझे आई-वडील वर्षातले पाच-सहा महिने फिरत्या घरात असायचे. ते घर पाण्यावर नव्हतं, बैलगाडीवर होतं. दिवाळी झाली की गाडीत भांडी, पीठ-मीठ, कोपीचे बांबू आणि चटया भरून ते ऊसतोडीला निघायचे. मी आणि माझी मोठी बहीण आजीजवळ राहायचो.

नॅरोबोटीचा इतिहास वाचायला लागलो, तेव्हा तो ओळखीचा वाटला. या बोटी सुरुवातीला राहण्यासाठी नव्हत्याच. कोळसा, धान्य, चिनीमातीची भांडी वाहण्यासाठी त्या होत्या. नावाड्याचं घर काठावर असायचं. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, मालवाहतुकीचे दर पडले, तसं घराचं भाडं आणि हाताखालच्या गड्याची मजुरी दोन्ही परवडेना. मग नावाड्यानं बायको-मुलांनाच बोटीवर आणलं. बायको सुकाणू धरायची, मुलं काठावरून घोडा हाकायची. मजुरी मात्र एकाच्याच नावावर. सगळा संसार साधारण दहा फूट लांबीच्या केबिनमध्ये.

जॉर्ज स्मिथ नावाच्या सुधारकानं या मुलांबद्दल ओरड केली, तेव्हा १८७७ मध्ये ब्रिटिश संसदेनं कालव्यावरच्या बोटींसाठी कायदा केला. बोटीची नोंदणी करा, केबिनमध्ये किती माणसं राहू शकतात ते ठरवा, मुलांना शाळेत पाठवा. १८८४ मध्ये त्यात सुधारणा झाली, तपासणीही आली. पण आज या गावात आणि उद्या त्या गावात असलेलं मूल शाळेत जाणार कसं? ज्यांचे आजी-आजोबा काठावर राहत होते, ती मुलं त्यांच्याकडे ठेवली जायची. म्हणजे बोट चालायची ती काठावरच्या म्हातारीच्या भरवशावर.

आता आपल्याकडचे कालवे बघा. त्यांतून बोटी नाही, पाणी वाहायचं. दख्खनमधल्या दुष्काळांनंतर ब्रिटिशांनी मुंबई इलाख्यात कालवे काढले. नीरा डावा कालवा १८८५ मधला. पुढे १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झालं आणि प्रवरेच्या कालव्यांना भरवशाचं पाणी मिळालं. हेतू दुष्काळाला आळा घालण्याचा होता, पण पाण्यानं खरा जम बसवला तो उसाचा. १९५० च्या शेवटी प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांची नावं त्यामुळे आपल्या पाठ्यपुस्तकात आहेत. ऊस तोडणाऱ्यांचं नाव तिथं नाही.

आमचा भाग तेव्हा या नकाशाच्या बाहेर होता. उस्मानाबाद जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. मुंबई इलाख्यातले ते कालवे इथं पोचलेच नाहीत. वर बालाघाटाचा डोंगरपट्टा, हलकी जमीन, पावसाची खोट. कळंब, भूम, वाशी, परंडा या तालुक्यांत खरिपाची सुगी झाली की हाताला काम नसायचं. १९७२ च्या दुष्काळानं तर घरंच्या घरं बाहेर काढली. दुष्काळ हटवायला काढलेल्या कालव्यांवर ऊस वाढला आणि तो तोडायला दुष्काळी भागातली माणसं गेली. पुढे आमच्या जिल्ह्यातही कारखाने उभे राहिले, तरी वाट काही बंद झाली नाही.

या व्यवस्थेतला सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे ‘कोयता’. कोयता म्हणजे हत्यार नाही, नवरा-बायकोची जोडी. मुकादम हंगामाआधी उचल देतो ती जोडीला. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीत चढवते. पहाटेचा स्वयंपाक, पाणी, तान्हं मूल हे वरचं, बिनहिशेबी. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. दोघं मिळून दिवसाला दोन टन तोडत असतील, तर हिशेब तुम्हीच करा. आणि एक दिवस काम चुकलं तर ‘खाडा’. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडही कापला जातो.

माझ्या कामाच्या भाषेत याला ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतात. सगळी सिस्टिम एका सर्व्हरवर टेकलेली असते आणि तो सर्व्हर आकृतीत दाखवलेलाच नसतो. ऊसतोडीच्या आकृतीत कारखाना आहे, मुकादम आहे, टोळी आहे, कोयता आहे. आजी नाही.

२०११ च्या जानेवारीत आमची आजी हापशावर घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. तोवर घरात सांभाळणारी ती होती, आम्ही दोघं सांभाळले जाणारे होतो. एका दिवसात उलटं झालं. निरोप गेला, आई एसटीनं आली. ऑपरेशन झालं, आजी खाटेवर पडली. नवव्या दिवशी मुकादमाचा फोन आला. उचल फिटायला अजून अडीच महिन्यांचं काम बाकी होतं, बाबा तिकडं अर्धा कोयता होऊन बसले होते आणि रोजचा खाडा चढत होता. आई परत गेली. जाताना तिनं बहिणीला आजीला कुशीवर कसं वळवायचं, पाठीला पावडर कशी लावायची ते दाखवलं.

बहीण तेव्हा नववीत होती. तिनं शाळेला चार दिवस म्हणून दिलेली सुट्टी हंगाम संपेपर्यंत लांबली. वार्षिक परीक्षा बुडाली आणि ती पुन्हा वर्गात बसली नाही. मी सातवीत होतो, माझी शाळा एक दिवसही चुकली नाही. कुणी तसं ठरवलं नव्हतं. कुणाला ठरवायची गरजच वाटली नाही.

आई-बाबा पाडव्यानंतर आले. उचलीतले काही हजार अंगावर राहिले होते, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा जावं लागलं.

आजारपण न परवडण्याची किंमत कुठवर जाते, ते शेजारच्या बीड जिल्ह्यानं दाखवलं. २०१९ मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीपुढं आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. याला कारणं अनेक आहेत, पण दुखणं घेऊन विश्रांतीला बसण्याची सोय नसणं हे त्यातलं एक आहेच.

मुलांसाठी काहीच झालं नाही असं नाही. हंगामी वसतिगृहं आली. गावातल्या शाळेतच मुलांना दोन वेळचं जेवण मिळायचं, रात्री मात्र बरीच मुलं आजीकडेच झोपायची. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत मुला-मुलींची ८२ वसतिगृहं काढण्याची योजना जाहीर झाली. इंग्लंडच्या संसदेनं केबिन मोजली, आपल्या सरकारनं वसतिगृहं मोजली. दोन्हीकडे मुलांची नोंद झाली आणि तेवढं होणंही मोठंच आहे. पण घरात खाटेवर पडलेल्या माणसाची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही. वसतिगृहातली मुलगी आजी पडली की घरी बोलावली जाते.

गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी पंधरा दिवस सोलापूरला तिच्या खाटेजवळ लॅपटॉप उघडून काम केलं. पगार पूर्ण आला. नॅरोबोटीवरचा आजचा तरुणही बहुधा असंच करत असेल. घर कुठंही असो, आजारी माणसाजवळ बसलं तरी आमची मजुरी तुटत नाही. फिरत्या घराची हौस आणि फिरत्या घराची सक्ती यांत मला दिसणारा खरा फरक हा आहे. जागेचा, थंडीचा, पाण्याचा प्रश्न त्यानंतरचा.

दर काही वर्षांनी साखर संघ आणि कामगार संघटना बसतात, टनाला किती रुपये यावर रात्र-रात्र बोलणी होतात, आकडा ठरतो, बातमी येते. त्या कागदावर आणखी एक ओळ लिहिता येईल. घरात कुणी पडलं, तर कोयत्यातल्या एकाला हंगामात पंधरा दिवस खाड्याविना गावी जाता येईल आणि दुसऱ्याचा कोयता अर्धा धरला जाणार नाही. कारखान्याच्या ताळेबंदात ही रक्कम फारशी दिसणारही नाही. नववीच्या हजेरीपटावर मात्र दिसेल.