मोसे खोऱ्यातील पाऊस आणि अरण्याचा आराखडा

१/ देहूरोडच्या नैर्ऋत्येस, मुळशीच्या डोंगरांपलीकडे मोसे नदीचे खोरे आहे. शिवकाळात बाजी पासलकर या खोऱ्याचे देशमुख होते. पुढे वरसगाव धरणाने नदी अडवली. एकविसाव्या शतकात याच खोऱ्यात एक विलक्षण प्रश्न विचारला गेला : शहराला अरण्यासारखे वागता येईल का? #थ्रेड

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. १९९७ साली जॅनिन बेन्यस यांचे ‘बायोमिमिक्री’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. सजीवांनी आपल्या अडचणी कशा सोडवल्या ते पाहावे आणि ती युक्ती अभियांत्रिकीत वापरावी, हा त्यातील विचार. मराठीत त्याला निसर्गानुकरण म्हणू.

३/ याचे प्रसिद्ध उदाहरण जपानचे. बोगद्यातून वेगाने जाताना बुलेट ट्रेनपुढे हवा दाबली जाई आणि पलीकडच्या तोंडाशी स्फोटासारखा आवाज होई. अभियंता एजी नाकात्सु हे पक्षिनिरीक्षक. पाण्यात सूर मारणाऱ्या खंड्याच्या चोचीवरून ५०० मालिकेच्या गाडीला निमुळते नाक मिळाले.

४/ खंड्याकडून केवळ एक आकार घ्यायचा होता. लवासाचे काम याहून अवघड. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या या गिरिशहराचा आराखडा अमेरिकेतील ‘एचओके’ संस्थेने केला. २००८ मध्ये एचओकेने बेन्यस यांच्या ‘बायोमिमिक्री गिल्ड’शी सहकार्य जाहीर केले.

५/ जीवशास्त्रज्ञांचा पहिला प्रश्न : या जागी मुळात काय होते? उत्तर : आर्द्र पानझडी अरण्य. येथे पावसाळ्यात काही मीटर पाऊस कोसळतो, मग महिनोन्महिने कोरड. अरण्यात पाने थेंबांचा जोर मोडतात, पालापाचोळा पाणी शोषतो, मुळे माती धरून ठेवतात.

६/ म्हणून उद्दिष्ट ठरले ते सौंदर्याचे नव्हे, कामाचे. पाणी साठवणे व गाळणे, बाष्पीभवन, कर्ब धरून ठेवणे, नत्र-स्फुरदाचे चक्र चालवणे : अरण्य जी कामे करीत होते, ती शहरानेही करावीत.

७/ युक्त्या परिचित सृष्टीतल्याच. पिंपळपानाची लांब शेपटी आठवा : पाणी तिच्या टोकावरून ओघळते आणि पान लवकर कोरडे होते. वडाच्या कुळातील पानांच्या अशा टोकावरून छपराच्या कौलाची कल्पना निघाली. दाणे साठवणाऱ्या मुंग्या वारुळापासून पाणी दूर वळवतात. त्यावरून अनेक सौम्य उताराच्या चरांची.

८/ प्रत्यक्षातला इतिहास मात्र वेगळ्या वाटेने गेला. पर्यावरण मंजुरी नसल्याच्या मुद्द्यावर नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्यास सांगितले. डोंगर कापल्याचे, जमिनी घेतल्याचे आक्षेप झाले. २०११ मध्ये पहिल्या टप्प्यास सशर्त मंजुरी मिळाली.

९/ २०१८ मध्ये प्रकल्प दिवाळखोरी प्रक्रियेत गेला. दासवे परिसरात वस्ती उभी राहिली, पण आखलेल्या शहराचा मोठा भाग कागदावरच राहिला. जुलै २०२४ च्या अतिवृष्टीत लवासात दरड कोसळून बंगले गाडले गेले. एका दरडीवरून साऱ्या आराखड्याचा निवाडा करू नये. पण उताराकडे दुर्लक्षही करता येत नाही.

१०/ या प्रकरणाचा बोध काय? पानाचा आकार उचलता येतो, कारण तो एका वस्तूत मावतो. अरण्य तसे उचलता येत नाही. माती, मुळे, उतार आणि काळ यांचा तो एकत्रित व्यवहार आहे. उतार एकदा कापला की कितीही चांगले कौल त्याची भरपाई करू शकत नाही.

११/ तरीही आराखड्यातला तो पहिला प्रश्न मोलाचा आहे. देहूरोड ते चाकण पट्ट्यात माळावर नव्या शेडचे पत्रे चढत आहेत. प्रत्येक भूखंडाबाबत विचारता येईल : बांधकामापूर्वी येथे किती पाणी मुरत होते आणि आता किती मुरते? उरलेले पाणी पवना आणि इंद्रायणीच्या पुरात मिळते.