चित्र चौकटीत बसवण्याची कुळकथा

शेंदूरजनाघाटात संत्र्याची कलम घेणारा जाणता माणूस ती हातात धरून तीन ठिकाणी बघतो. खाली मुळं, म्हणजे तंतुमुळं भरपूर आहेत का. मध्ये सांधा, म्हणजे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा जमिनीपासून निदान वीतभर उंच बांधला आहे का, कारण सांधा मातीच्या जवळ आला की डिंक्या रोगाला वाट मिळते. आणि वर शेंडा. सातपुड्याच्या पायथ्याचं, वरुड तालुक्यातलं हे गाव कलमांसाठी ओळखलं जातं. गिऱ्हाईक दूरचं असेल तर पहिली पारख आता फोनवरच्या फोटोतून होते, आणि तिथे कलमेच्या नशिबी काय येतं ते कलम करणाऱ्याच्या हातात नसतं. ते अ‍ॅप बनवणाऱ्याने कोडमध्ये घातलेल्या एका ओळीवर ठरतं.

हिशेब करून पाहू. फोन उभा धरून काढलेला फोटो समजा ३००० पिक्सेल रुंद आणि ४००० पिक्सेल उंच आहे. अ‍ॅपमधल्या यादीत त्याच्यासाठी चौरस खिडकी ठेवली असेल तर वरचे ५०० आणि खालचे ५०० पिक्सेल कापले जातात. खिडकी टीव्हीसारखी आडवी, १६ ला ९ या मापाची असेल तर फोटोचा जवळपास ५८ टक्के भाग जातो, निम्मा वरून आणि निम्मा खालून. शेंडा गेला, मुळं गेली, मातीची रेघही गेली. मधली काडी उरते. तिच्यावर सांधा दिसेलही, पण तो जमिनीपासून किती उंचावर आहे हे कळायला मार्ग नाही. कापण्याऐवजी फोटो चौरसात ताणून बसवला तर काडी उंचीच्या मानाने एक तृतीयांशाने जाड दिसते. घेणाऱ्याला वाटतं, कलम जोमदार आहे. नागपुरी संत्रं तर मुळातच थोडं चपटं. ते अशा खिडकीत आणखी चपटं होतं.

एका मापाचं चित्र दुसऱ्या मापाच्या चौकटीत बसवायचं तर उत्तरं तीनच आहेत: ताणा, कापा किंवा कडेला रिकामी जागा सोडा. ही तिन्ही फोनच्या पुष्कळ आधीची आहेत.

त्यांचं मूळ सिनेमात सापडतं. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन याने ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चार छिद्रांना एक चित्र असं माप धरलं. रुंदी चार, उंची तीन. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागलेला दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' याच चौकटीतला. पुढे टीव्हीनेही तेच माप उचललं. घरात टीव्ही आल्यावर अमेरिकेत थिएटरं ओस पडू लागली, तेव्हा घरी दिसणार नाही असं काही दाखवायला हवं म्हणून हॉलिवूडने पडदा रुंद केला. १९५३ मध्ये सिनेमास्कोप आला. त्यामागचं भिंग फ्रान्सच्या आंरी क्रेतियाँ यांचं, १९२०च्या दशकातलं. चित्रीकरण करताना ते दृश्य आडव्या बाजूने निम्म्यावर दाबायचं, म्हणजे रुंद दृश्य जुन्याच फिल्मवर मावायचं; दाखवताना दुसरं भिंग ते पुन्हा उलगडायचं. आपल्याकडे १९५९ चा गुरुदत्तचा 'कागज के फूल' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट, छायालेखक व्ही. के. मूर्ती.

अमरावती तेव्हा सिनेमाधंद्याच्या सीपी-बेरार सर्किटची पेठ होती. वितरकांच्या कचेऱ्या इथे, आणि इथून रिळांच्या पेट्या वऱ्हाडातल्या थिएटरांत जात. स्कोपची प्रत उलगडणाऱ्या भिंगाशिवाय लावली तर पडद्यावरची माणसं काडीसारखी उंच आणि बारीक दिसतात. चित्राचं माप आणि चौकटीचं माप यांच्यामध्ये कुणीतरी जुळवणी करावी लागते, हे मशीनवरच्या ऑपरेटरला रोजच्या कामातून माहीत होतं.

तोच रुंद सिनेमा पुढे टीव्हीच्या चार-तीन चौकटीत दाखवायची वेळ आली. काहींनी वर-खाली काळ्या पट्ट्या सोडून चित्र पूर्ण ठेवलं. काहींनी बाजू कापल्या. पण तिथे एक माणूस बसवलेला असे. प्रत्येक दृश्यात महत्त्वाचं कुठे आहे ते बघून तो चौकट डावी-उजवीकडे सरकवायचा, बोलणारं पात्र कापलं जाऊ नये म्हणून. तो माणूस फोनवर येईपर्यंत गळाला, त्याची कात्री तेवढी उरली. आपली कलम कापली जाते ती या गळतीमुळे, असं माझं मत आहे.

फोनची गोष्ट सुरू होते ती मात्र निश्चिंतपणे. २००७ चा पहिला आयफोन ३२० बाय ४८० पिक्सेलचा. २००८ चा पहिला अँड्रॉइड फोनही तेवढाच. पडदा एकाच मापाचा, तेव्हा चित्र कितव्या पिक्सेलपासून कितव्यापर्यंत हे आकड्यात लिहून टाकलं की काम झालं. २००९ मध्ये एकीकडे २४० बाय ३२० चा स्वस्त एचटीसी टॅटू आला आणि दुसरीकडे ४८० बाय ८५४ चा मोटोरोला ड्रॉइड. आकड्यांत लिहिलेले सगळे पडदे मोडले. त्याच वर्षी अँड्रॉइडच्या १.६ या आवृत्तीत वेगवेगळ्या पडद्यांची सोय झाली, आणि 'डीपी' हे माप कामाला लागलं. इंचाला १६० पिक्सेल असतील तर १ डीपी म्हणजे १ पिक्सेल. इंचाला ४८० असतील तर ३ पिक्सेल. बटण ४८ डीपीचं सांगितलं की कुठल्याही फोनवर ते सुमारे पाव इंचाहून थोडं मोठं, बोटाला सापडेल असं राहतं. अ‍ॅपलने २०१० च्या आयफोन ४ मध्ये दोन्ही बाजूंनी नेमके दुप्पट पिक्सेल भरून हाच प्रश्न सोपा करून घेतला, पण २०१२ च्या आयफोन ५ मध्ये पडदा उंच झाला आणि जुन्या अ‍ॅपना वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या. टीव्हीवरच्याच त्या पट्ट्या.

संदेशाच्या फुग्यासारखं चित्र मजकुराप्रमाणे लहानमोठं व्हायचं असतं. त्यासाठी अँड्रॉइडने 'नाइन-पॅच' आणलं: चित्राचे नऊ तुकडे, चार कोपरे जसेच्या तसे, फक्त कडा आणि मधला भाग ताणायचा. खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हा लग्नपत्रिकेची किनार अशीच बसवत. कोपऱ्याचे चार ठसे ठरलेले, मधला ठसा पत्रिकेच्या मापाने कमीजास्त.

मांडणीचं कुळ आणखी मागे जातं. १९६३ मध्ये आयव्हन सदरलंड याने एमआयटीत 'स्केचपॅड' केलं. त्यात आकड्याऐवजी नातं सांगता येत होतं: ही रेघ त्या रेघेला समांतर ठेव. १९९०च्या दशकात ग्रेग बॅड्रोस, अ‍ॅलन बॉर्निंग आणि पीटर स्टकी यांनी अशी अनेक नाती एकदम, झटपट सोडवण्याची रीत बसवली आणि तिला कॅसोवरी या पक्ष्याचं नाव दिलं. अ‍ॅपलची 'ऑटो लेआउट', जी २०१२ मध्ये आयफोनवर आली, आणि गूगलची २०१६ ची 'कन्स्ट्रेंट लेआउट', दोन्हींच्या पोटात तीच रीत आहे. आज फोनला सांगता येतं की फोटोची रुंदी पडद्याएवढी, उंची रुंदीच्या चार तृतीयांश, किंमत फोटोच्या खाली. पडदा कितीही बदलो, प्रमाण मोडत नाही.

साधनं इतकी असूनही फोटो बिघडतात, त्याचं कारण न सांगितलेल्या गोष्टींत आहे. चित्र कसं बसवायचं हे काहीच लिहिलं नाही तर आयफोन ते ताणतो. वेबवर रुंदी-उंची दोन्ही ठरवून दिलेल्या चौकटीतही ते ताणलंच जातं. अँड्रॉइड मात्र पूर्ण मावेल तसं बसवून कडा मोकळ्या सोडतो. म्हणजे एकच अ‍ॅप दोन फोनवर कलमेबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगू शकतं. त्यात कॅमेऱ्याची भर. फोन उभा होता की आडवा ही नोंद फोटोत वेगळी ठेवण्याची पद्धत जपानमधल्या १९९५ च्या 'एक्झिफ' या प्रमाणातून आली. ती न वाचणाऱ्या अ‍ॅपमध्ये झाड आडवं पडलेलं दिसतं. आणि वजन: १ कोटी २० लाख पिक्सेलचा फोटो उघडला की दर पिक्सेलला ४ बाइट धरून ४८ मेगाबाइट स्मृती खातो, यादीतली खिडकी बोटभर असली तरी. पहिल्या अँड्रॉइड फोनवर एका अ‍ॅपच्या वाट्याला १६ मेगाबाइटच होते. फोटो उघडतानाच लांबी-रुंदी चौथाईवर आणली तर तोच ३ मेगाबाइटमध्ये भागतो. स्वस्त फोन वापरणाऱ्या शेतकऱ्याचं अ‍ॅप मध्येच बंद पडतं ते पुष्कळदा एवढी एक काळजी न घेतल्याने.

टीव्हीसाठी चौकट सरकवणाऱ्या, पुढे गळालेल्या त्या माणसाच्या जागी यंत्र बसवायचा प्रयत्न ट्विटरने केला. माणसांची नजर चित्रात कुठे जाते हे शिकवलेल्या प्रणालीने फोटो कुठे कापायचा ते ठरवायचं. २०२० मध्ये वापरणाऱ्यांनीच दाखवून दिलं की काळ्या आणि गोऱ्या चेहऱ्यांत ती गोऱ्यांकडे झुकते. २०२१ मध्ये कंपनीने स्वतःच्या तपासणीत गोऱ्यांकडे आणि स्त्रियांकडे झुकणारा कल मान्य केला आणि फोनवर फोटो पूर्ण दाखवायला सुरुवात केली. कलमेला तर चेहराच नसतो. मुळाकडे बघायचं हे त्या यंत्राला कोण शिकवणार?

म्हणून अमरावती-अकोल्यात किंवा पुण्यात बसून शेतीची अ‍ॅपं बनवणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. माणसाच्या चेहऱ्याचा फोटो कापला तरी चालतो, मालाचा कापू नका. कलम, फळ, रोग पडलेलं पान हे पूर्ण दाखवा, कडेला रिकामी जागा राहिली तर राहू द्या. ताणणं कुठेच नको. फोटोची रुंदी आणि उंची फोटोच्या आधी पाठवा, म्हणजे त्याची जागा आधीच राखली जाईल. नाहीतर फोटो उशिरा येतो, यादी खाली सरकते आणि एका पन्हेरीवाल्याला, म्हणजे रोपवाटिकावाल्याला, लावलेला फोन दुसऱ्याला जातो. आणि पन्हेरीवाल्यांनो, कलमेचा फोटो काढताना शेजारी मोजपट्टी उभी धरा, मातीची रेघ फोटोत येऊ द्या, आणि वर-खाली चांगली जागा सोडा. कात्री चाललीच तर ती रिकाम्या जागेवर चालेल.