रुळावरचे साल

वाचकहो, उंबरमाळीकडे गेलात तर रेल्वेच्या कुंपणाचे खांब जरा न्याहाळा. पुष्कळदा तो खांब म्हणजे उभा रोवलेला जुना रूळच असतो. रुळाच्या अंगावर उठावाची अक्षरे असतात: कारखान्याचे नाव आणि साल. नाव विलायती असेल, तर रूळ बोटीने आलेला. 'टाटा' असेल, तर जमशेदपूरचा, म्हणजे १९१२ नंतरचा. हे साल रूळ घडल्याचे, खांब रोवल्याचे नव्हे, एवढे ध्यानात ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, भंगारात कसला आलाय इतिहास? अहो, हा मार्ग १८६१ मध्ये कसाऱ्यास पोचला आणि १ जानेवारी १८६५ रोजी थळघाट चढून इगतपुरीस. चढ सदतीस फुटांस एक फूट! गाडीची दिशा उलटवण्याकरिता घाटात खास स्थानक होते. पुढे नवी वाट काढून तेही टाकून दिले. कारखानदाराचे नाव पोलादावर उरले. डोंगर फोडणाऱ्या मजुरांची नावे कोठेच नाहीत.

सापडलेला तुकडा मात्र पिशवीत घालू नका; रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. साल आणि जागा तेवढी वहीत टिपा, भट्टीत जाण्याआधी.