पेणात पेणकर भेटत नाही

तुमचं आडनाव पेणकर आहे असं धरू. घरात वंशावळीचा एक कागद आहे. पणजोबांपर्यंतची नावं त्यात ठळक आहेत, त्यांच्या वर ‘आबाजी, पेण’ एवढंच, आणि त्याच्या वर कागदच संपतो. तुम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावता, भांडणं मराठीत करता आणि लग्नाची आमंत्रणं ठाण्यापासून अश्दोद-दिमोनापर्यंत धाडता. या आबाजीला गाठायचं तर दिव्याहून सुटणारी रोहा गाडी कामाची नाही. पेणला रेल्वे यायला अजून शंभरेक वर्षं आहेत. मचव्यानं जावं लागेल.

तेव्हा चला मशीद बंदरावर. 1880 नुकतंच उलटलंय, महिना चैत्राचा. अंगातल्या बंडीची पाठ आत्ताच भिजली आहे आणि डोक्यावरच्या पागोट्याखाली कपाळ खाजतंय. खजुराची पोती, ओला काथ्या, सुकट, बैलांचं शेण आणि दोनेकशे माणसांचा घाम असा मिळून एक वास आहे. त्याला पर्याय नाही, पाचेक मिनिटांत नाक हार मानतं. तांडेल ओरडतोय, हमाल त्याच्यावर ओरडतायत आणि मचवा हलत मात्र नाही, कारण भरती यायची आहे.

तोवर नावांची उजळणी करून घ्या. मागेच सॅम्युएल स्ट्रीट आहे. तिथली मशीद सामाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 साली बांधली. ‘मशीद’ ऐकून दचकू नका, बेने इस्रायल माणसं आपल्या प्रार्थनास्थळाला हेच म्हणतात. सामाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे इझिकेल. याच हिशेबानं तुमचा आबाजी अब्राहाम आणि बनाजी म्हणजे बेंजामिन. हे आत्ताच पाठ करा. पुढे सगळे या नावांनीच हाका मारणार आहेत आणि थांबून अर्थ सांगायला कुणाला वेळ नाही.

रात्र पोत्यावर काढायची. डास आहेत, एक शेळी आहे, आणि शेळीला तुमचं उपरणं आवडलं आहे. धरमतरच्या खाडीत शिरल्यावर समुद्राचा वारा पडतो आणि चिखलाचा, तिवरांचा जड वास चढतो. पहाटे खलाशी बांबूनं तळ चाचपत मचवा पुढे रेटतात आणि उजाडता उजाडता अंतोरा बंदर येतं. उतरताना घोट्यापर्यंत चिखलात जाल. सगळेच जातात.

अंतोऱ्याहून पेण पायी जायचं. दोन्ही बाजूंना मिठागरं आहेत आणि मिठाच्या राशींवर ऊन असं आपटतं की डोळे किलकिले केल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. आगरी बाया डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन ओळीनं चालल्या आहेत, पाटीतून खारं पाणी ठिबकून त्यांच्या पाठीवर पांढरे ओघळ सुकलेत. गावात शिरताच पोहे कांडण्याचा धपधप आवाज येतो. गणपतीच्या कारखान्यांसाठी पेणचं नाव व्हायचंय अजून. सध्या वास आहे तो भाताचा, मिठाचा आणि मासळीचा.

मासळीबाजारात जरा जपून. कोळीण टोपली पुढे सरकवेल: चिंबोऱ्या, निवट्या, कोलंबी, शिंगाळा, आणि एका बाजूला चकचकीत खवल्यांचा जिताडा. चिंबोरीकडे बोट दाखवलंत की संपलं. ज्याला पर आणि खवले नाहीत तो मासा इथे तुमच्या घरात जात नाही, आणि हे कोळणीला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. डेव्हिड राहाबी नावाच्या पाहुण्यानं म्हणे याच खुणेवरून कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या तुमच्या या लोकांना यहुदी म्हणून ओळखलं होतं: मिसळलेली मासळी बायकांपुढे ठेवली, त्यांनी बिनखवल्यांची बाजूला काढली. हकीकत जशी घराघरांत सांगतात तशी सांगितली. जिताडा घ्या. खारेपाटातला जिताडा धर्मात बसतो हा देवाचा मोठेपणा.

आता घर कसं शोधायचं? वाटेत कुणाला ‘पेणकर कुठे राहतात?’ असं विचारून पाहा. हसतील. कान द्या. कुईंऽ कुईंऽ असा लाकडाचा एकसुरी आवाज येतोय ना? त्याच्या मागे जा. पडवीत घाणा आहे. डोळ्यांना झापड बांधलेला बैल गोल फिरतोय, लाट उखळीत रगडतेय, तीळ भरडून त्यांचा लगदा झालाय आणि खालच्या भांड्यात सोनेरी धार सुतासारखी उतरतेय. हवा इतकी तेलकट की श्वास घेतला तरी जिभेवर चव येते. भिंत, खांब, दाराची कडी, पोरांचे केस, सगळं तुळतुळीत. दाराच्या चौकटीवर उजव्या हाताला एक छोटी नळकांडी ठोकलेली आहे. तिला बोटं लावून ओठांना टेकवा, म्हणजे आतली माणसं तुमच्याकडे रोखून बघायची थांबतील.

म्हातारी तीळ निवडत बसली आहे. नऊवारी, नाकात नथ, हातात काकणं. ती मान वर न करता विचारते, “कुनाचा रं तू?”

“पेणकर.”

“आमी सगलेच पेनचे. कुनाचा?”

इथे तुमची सव्वाशे-दीडशे वर्षांची ओळख एका फटक्यात निकामी होते. आडनाव गाव सोडल्यावर लागतं. पेणात राहणाऱ्याला ते कशाला हवं? इथं माणूस बापाच्या नावानं आणि घाण्यानं ओळखला जातो. वक्रुळकर वक्रुळात नाही, पुगावकर पुगावात नाही, रोहेकर रोह्यात नाही. जो तो मुंबईला, पुण्याला, पलटणीबरोबर कराचीला किंवा एडनला गेल्यावर गावाचं नाव पाठीवर घेऊन हिंडू लागला. वंशावळी काढणाऱ्यांची पहिली ठेच इथेच लागते. ते मूळ गावात आडनाव शोधत बसतात.

म्हातारीला पिढ्या विचारा. ती बोटांवर मोजेल: आबाजी, त्याचा बाप हसाजी, त्याचा बनाजी, त्याचा सामाजी, त्याचा पुन्हा हसाजी. पाचव्या बोटाला ती थांबते, पदरानं घाम टिपते आणि एकदम नवगावच्या किनाऱ्यावर उडी मारते: जहाज फुटलं, सात बापे नि सात बाया वाचल्या, त्यांचे आपन. मधली शतकं तिच्या हिशेबात नाहीत. मग ती हलक्या आवाजात आणखी एक विचारेल, “गोरा का काला?” रंगाविषयी नाही हे. आईबाप दोघंही जातीतले असलेलं घर गोरं. कुठल्या पिढीत आई बाहेरची आली असेल तर ते घर काळं, आणि मग पंगत वेगळी, सोयरीक वेगळी. आजच्या वंशावळीत हा प्रश्न कुणी छापत नाही. उत्तर देऊ नका, पाणी मागा.

आज शुक्रवार आहे. ऊन कललं की घरात एकच घाई उडते. तांदळाच्या भाकऱ्या धपाधप थापल्या जातात, तुमचा जिताडा नारळाच्या रसात उकळतो, मनुका कुस्करून त्यांचं पाणी गाळलं जातं. धुरानं डोळे चुरचुरतात. एक सून दुसरीवर खेकसते, कारण सणाला आठच दिवस उरलेत आणि आंबवणीचं मडकं अजून धुतलेलं नाही. अनाशी ढाकाचा सण म्हणतात त्याला. तुमच्या घरी तो पेसाह आहे. मग घाणा थांबतो. तो आवाज बंद पडल्यावर कळतं की दिवसभर तो तुमच्या दाढांत वाजत होता. बैलाची झापड निघते. पेणातल्या सगळ्या बैलांमध्ये आठवड्याची हक्काची सुटी यालाच आहे, आणि ते त्याच्या चालीत दिसतं.

गावातली मशीद 1863 मध्ये उभी राहिली. तिचं नाव बेथ हा-एलोहिम. आत गार वाटतं. दिव्यांच्या पेल्यांत तेल जळतंय, बाप्यांच्या पागोट्यांतून घाम आणि तिळाचा वास येतोय. कानांपुढच्या झुलपा डोलतात. हिब्रू सगळ्यांना येत नाही, पण ‘शेमा’ सुरू झाला की अगदी मागचा पोरगाही आवाज चढवतो. बाहेर पडताना लोक एकमेकांच्या हातांना हात लावून बोटं ओठांना टेकवतात. तुमचे हात त्या रात्री कितीजणांच्या हातांतून फिरतात त्याची मोजदाद ठेवू नका. त्यातला एक खरखरीत, तेलकट, अठराएक वर्षांचा हात आबाजीचा होता.

शनिवारी काही घडत नाही. खरंच काही नाही. एक भाबडी शेजारीण नवटाकभर तेल मागायला येते, दार बंद बघून कपाळावर हात मारते, “शनवार नाय का आज!” आणि परत जाते. बेने इस्रायलांना शनवार तेली हे नाव असंच पडलं.

आकाशात तीन चांदण्या दिसल्या की गाडी जुंपायची. आबाजीचं आजोळ अष्टमीला आहे आणि मामानं त्याला मुंबईचं काहीतरी बघून ठेवलंय. रात्रभर बैलगाडीत हाडं खिळखिळी होतात. नागोठण्याचा जुना दगडी पूल झोपेत ओलांडला जातो, रानातून पिकल्या करवंदांचा वास येतो, गाडीवान बैलांना शिव्या देतो त्या मात्र पूर्ण जागे राहून ऐकण्यासारख्या आहेत. अष्टमी कुंडलिकेच्या अलीकडे, रोहा पलीकडे. नदीत भरतीचं पाणी चढलेलं असतं आणि काठावर भाताची पोती मचव्यांत चढत असतात.

संध्याकाळी मामाच्या अंगणात कीर्तन आहे. डोळे चोळू नका. कीर्तनच आहे: टाळ, पेटी, साकी, दिंडी, सगळं. फक्त आख्यान योसेफाचं. बेने इस्रायलांनी कीर्तन नुकतंच आपलंसं केलंय आणि सगळे त्यासाठी वेडे झालेत. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांचे गाजलेले कीर्तनकार, आणि ते आडनाव कुठून आलं हे आता तुम्हाला सांगायला नको. भाऊ योसेफाला विहिरीत टाकतात तेव्हा पुढच्या रांगेतली बाई हुंदका देते. शेजारचे मराठे आणि सोनारही येऊन बसलेत. त्यांना गोष्ट ठाऊक नाही, त्यामुळे ते जास्त रंगलेत. पंगतीत मलिदा येतो: भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वर केळ्याचे काप. एलियाहू हानबी या संदेष्ट्याचं नाव घेऊन खायचा. दुसऱ्यांदा मागा, चालतं.

रोह्याहून मचवा रेवदंड्याकडे सुटतो. आबाजी तुमच्या शेजारीच बसलाय. बोचक्यात भाकऱ्या, एक धोतर आणि तिळाच्या तेलाची बाटली. खाडीच्या तोंडाशी लाट उचलते आणि तुमचा मूळपुरुष काठावर वाकून ओकतो. त्याचा सदरा मागून धरून ठेवा. तो पडला तर तुमचं अवघड होईल. खांदेरीचा दिवा दिसेपर्यंत त्याचा चेहरा जरा माणसात येतो. मुंबईत काय करणार विचारलंत तर म्हणतो, सुतारकाम. घाणा दुरुस्त करून करून हात बसलाय.

परळच्या रेल्वे कारखान्याच्या फाटकावर रांग आहे. कोळशाचा धूर, तापलेलं लोखंड, पुढच्या माणसाच्या मानेवर उठलेलं घामोळं. टेबलामागे कारकून.

“नाव?”

“आबाजी.”

“बापाचं?”

“हसाजी.”

“सकाळपासून आबाजी हसाजी दुसरा. गाव?”

“पेण.”

“पेणकर,” कारकून टाक दौतीत बुडवून म्हणतो. “बिल्ला घे, पुढे हो.” आणि मग त्याची नजर रांगेत तुमच्यावर येते. “तुझं रे? गाव कुठलं?”