नभोवाणीची वर्गणी कोणी द्यावी?

नभोवाणीचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न दिसावयास हिशेबाचा असला, तरी मुळात तो न्यायाचा आहे. जो ऐकेल त्याने पैसे द्यावेत, हे तत्त्व कोणासही चटकन पटते. परंतु ऐकणारे थोडे असले म्हणजे संस्था जगत नाही, आणि संस्था अशक्त राहिली म्हणजे ऐकणारे वाढत नाहीत. हिंदुस्थानातील नभोवाणीचा जन्मच या पेचात झाला.

मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. ते सरकारी नव्हते. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खासगी मंडळी ते चालवीत असे. यंत्र बाळगणाऱ्याने वर्षास १० रुपयांचा परवाना घ्यावा आणि त्यांतील ८ रुपये कंपनीस मिळावेत, अशी व्यवस्था होती. पण केंद्राची शक्ती अवघी दीड किलोवॅट. आवाज भरवशाने पोहोचे तो सुमारे ३० मैलांच्या परिघात. यंत्रे परदेशी व महाग. शिवाय पुष्कळ जण परवान्यावाचूनच ऐकत. साऱ्या देशातील परवाने आठ हजारांच्या आतच राहिले, आणि १ मार्च १९३० रोजी कंपनीला आपला कारभार आटोपता घ्यावा लागला.

पुढे १ एप्रिल १९३० पासून सरकारने हे काम हाती घेतले. तोटा पाहून ऑक्टोबर १९३१ मध्ये केंद्रे बंद करण्याचे ठरले. लोकांनी ओरड केली, तेव्हा नोव्हेंबरमध्ये तो बेत सोडून देण्यात आला. मग दोन उपाय योजण्यात आले. यंत्रांवरील आयात जकात ५० टक्क्यांपर्यंत चढविली गेली, आणि १९३३ चा बिनतारी कायदा १ जानेवारी १९३४ पासून अमलात आला. परवान्यावाचून यंत्र नुसते जवळ असणे हाच आता गुन्हा ठरला. पहिल्या खेपेस १०० रुपयांपर्यंत दंड. सक्तीने नभोवाणी तगली, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र इंग्लंडात वर्गणीच्या आधारावर १९२७ पासून सनदेने चालणारे स्वतंत्र महामंडळ उभे राहिले. इकडे वर्गणी सक्तीची झाली, पण संस्था सरकारी खातेच राहिली. इंग्लंडातील सक्ती घेतली गेली, तिच्या जोडीचे स्वातंत्र्य घेतले गेले नाही.

या व्यवस्थेची खरी कसोटी शहरात नव्हे, केशोरीसारख्या गावी लागते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील हे गाव पूर्वी भंडारा जिल्ह्यात होते. १९९९ पासून ते गोंदिया जिल्ह्यात आहे. १९४७ साली देशात केंद्रे सहा, आणि त्यांचा आवाज जेमतेम अडीच टक्के भूभागास व अकरा टक्के लोकांस पोहोचे. विदर्भाला जवळचे असे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी निघाले. तोवर मुंबईपासून शेकडो मैल दूर असलेल्या भागात कोणी यंत्र आणलेच, तर परवान्याची रक्कम मात्र मुंबईकराइतकीच! म्हणजे वर्गणी होती ती यंत्राची. ऐकू येण्याची नव्हे.

पुढे खर्चाची दुसरी वाट निघाली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथे विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. १९८० नंतरच्या काही वर्षांत परवाने टप्प्याटप्प्याने रद्द झाले, आणि टपाल कचेरीत जाऊन वर्गणी भरण्याची घरोघरची चाल संपली. १९९० च्या कायद्यान्वये १९९७ मध्ये प्रसार भारती स्थापन झाली. तीही सरकारी अनुदानावर व जाहिरातींवरच विसंबून आहे.

तेव्हा वर्गणी गेली, असे म्हणणे अर्धेच खरे आहे. सक्ती गेलेली नाही. ती करांत मिसळून गेली आहे. साबण नि काडीपेटी विकत घेणारा केशोरीचा शेतकरीही, घरी यंत्र असो वा नसो, नभोवाणीचा भार उचलतोच. फरक एवढाच, की पूर्वी हाती पावती असे आणि आज नाही. ज्याच्यापाशी पावती नाही, त्याला जाब विचारण्याचे सुचतही नाही.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. सक्तीची वर्गणी मुळातच अन्याय्य नाही. परंतु आवाज आधी पोहोचावा, वसुली मागून व्हावी. आणि पैसा कोणत्याही मार्गाने येवो, तो देणाऱ्या हाताने नभोवाणीचे तोंड धरू नये. या दोन अटी पाळल्या जात असतील, तर पैसे परवान्याने आले की तिजोरीतून, हा भेद गौण आहे. त्या पाळल्या जात नसतील, तर फुकट मिळणारी नभोवाणीसुद्धा महागच म्हटली पाहिजे.