मद्रासचा प्रयोग आणि कामगाराची रोजी

क्षयरोगावर परिणामकारक औषधे आल्यानंतरही सॅनेटोरियमची प्रतिष्ठा कमी झाली नव्हती. मोकळी हवा, सकस आहार आणि महिनोन्‌महिने सक्तीची विश्रांती, हा सल्ला कायम होता. रोजंदारीवर कुटुंब पोसणाऱ्याला तो परवडणारा नव्हता. खाट मिळाली की रोजी जाई. आणि खाटा तरी होत्या किती?

१९५६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मद्रासला क्षयरोग रसायनोपचार केंद्र उभारले. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली शहरातील गरीब वस्त्यांतील १९३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक विभागणी झाली. काही सॅनेटोरियममध्ये गेले, काही आपल्याच खोलीत राहिले. दोघांनाही वर्षभर आयसोनियाझिड आणि पीएएस हीच औषधे. घरच्या रुग्णांकडे कर्मचारी न कळवता जात, गोळ्या मोजत, लघवी तपासत. औषध खरोखर घेतले जाते का, यावर सारा प्रयोग अवलंबून होता.

घरच्यांचे अन्न निकृष्ट, जागा दाटीची, हालचाल जास्त. तरीही १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वर्षअखेर रोग शमलेल्यांचे प्रमाण घरी ८६ टक्के, तर सॅनेटोरियममध्ये ९२ टक्के होते. वजन सॅनेटोरियममधील रुग्णांचे अधिक वाढले. पण जंतूंना आवर घालण्याचे काम आहाराने वा विश्रांतीने नव्हे, औषधांनी केले होते. घरातील माणसांना संसर्गाचा धोकाही अधिक आढळला नाही. दीर्घ गैरहजेरीचा वैद्यकीय आधारच ढासळला, हे या आकड्यांचे खरे मोल. १९६२ च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने घरगुती उपचारांचीच वाट धरली.

प्रयोगाने थुंकी तपासली, हजेरीपट नाही. आजारी माणसाला कामावर ठेवायचे की नाही, हा प्रश्न कायद्याचा होता. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या कलम ७३ ने आजारपणाचा भत्ता घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढण्यास मनाई केली. पुढे क्षयासारख्या दीर्घ आजारांसाठी भत्त्याची मुदतही वाढली. परंतु हे संरक्षण विमाधारक कामगारापुरतेच होते. हमाल, मोलकरीण किंवा हातगाडीवाला यांना कोणतेही कलम लागू नव्हते. त्यांच्या वाट्याला मद्रासच्या प्रयोगातून एवढेच आले, की औषध चालू असताना घर सोडावे लागणार नव्हते.